सूतभरही न हलणारा क्लॅम्प

रविवार, दिनांक १२ जानेवारी, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. सोसायटीच्या फाटकाशी हजर नग: मोटारसायकल एक, शर्यतीची सायकल एक, फोन एक, आणि नुसतीच पाहायला आलेली माणसे नऊ. ही नोंद सूतभरकाकांची आहे, तेव्हा ती पुन्हा मोजून पाहण्याची कोणी तसदी घेऊ नये.

सूतभरकाका हे अर्थातच पाळण्यातले नाव नव्हे. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षे तपासणी विभाग सांभाळला होता आणि त्या काळात "सूतभर चुकलंय, परत न्या" हे एकच वाक्य त्यांच्या तोंडून इतक्या वेळा बाहेर पडले होते की कारखान्याने त्यांना हे नाव दिले आणि सोसायटीने ते कायम केले. त्यांच्या प्रत्येक अहवालाची अखेर ठरलेली असे: तपासलेले नग इतके, नापास इतके. नोकरी संपली, पण तपासणी संपली नाही. कोणाच्याही घरी चहाला गेले तरी ते आधी भिंतीवरची तसबीर सरळ करीत आणि मगच खुर्चीवर बसत; खुर्ची डुगडुगत असेल तर तिच्या पायाखाली कागदाची घडी सारून मग बसत; आणि चहा तोवर निवलेला असे. सैल वस्तू आणि सैल माणूस या दोहोंविषयी त्यांचे मत सारखेच होते.

त्या पहाटेचा खटाटोप नातीसाठी चालला होता. नात सोळा वर्षांची, सायकलवर बसली की जमिनीला पाय न लावणारी, म्हणून आजोबांनी तिचे नाव ठेवले होते भिंगरी. सायकलपटू घडवणाऱ्या एका प्रशिक्षण केंद्रात तिला प्रवेश हवा होता आणि केंद्राने अर्जासोबत चित्रण मागितले होते. उमेदवार समोरून दिसावा. चित्रण सलग वीस मिनिटांचे, कुठेही न तोडलेले असावे. गुडघे आणि घोटे स्पष्ट दिसावेत. चित्र थरथरते असल्यास अर्ज बाद. मुदत महिनाअखेरची. चारचाकी मुलाबरोबर परगावी गेलेली, आणि ज्या छायाचित्रकाराला विचारले तो म्हणाला, "लग्न असेल तर बोला, सायकलीमागे कोण पळणार?" 

"पळायचंच नाहीये," सूतभरकाका घरी म्हणाले. "मी मोटारसायकलवर पुढे राहीन. फोन मागच्या कॅरियरवर, तोंड मागे करून. भिंगरी त्याच्याकडे बघत येईल."

"आणि फोन पडला तर?" काकूंनी विचारले.

हा प्रश्न सूतभरकाकांच्या कारकिर्दीचाच अपमान होता. त्याचे उत्तर त्यांनी तोंडाने न देता हाताने दिले. आठ मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी, चार बोल्ट, आणि प्रत्येक बोल्टाला दोन नट: एक कसण्यासाठी आणि दुसरा पहिल्यावर लक्ष ठेवण्यासाठी. क्लॅम्प तयार झाला तेव्हा त्यांनी तो फाटकाशी जमलेल्या नऊ जणांना हात लावून पाहायला सांगितला. सेक्रेटरी वजनदार गृहस्थ, पदानेही आणि देहानेही. त्यांनी दोन्ही हातांनी क्लॅम्प धरला, पाय रोवले आणि ओढला. मोटारसायकल स्टँडवरून उतरली, सेक्रेटरींच्या चपलेचा अंगठा तुटला, क्लॅम्प होता तिथे होता.

"धरणीकंप झाला तरी हा हलायचा नाही," सूतभरकाका म्हणाले.

फोन सुनेचा होता. तिच्या वाढदिवसाला आलेला, तीन आठवड्यांचा, पाठीवरची पारदर्शक फीतसुद्धा अजून न काढलेला. सून बँकेत काम करते, स्वभावाने मोजकी. "सांभाळा हं, बाबा," एवढेच ती म्हणाली होती.

वीस मिनिटांनी मंडळी परतली. फोन जागच्या जागी होता. त्याच्यावर धूळही बसलेली नव्हती. सगळे वर दिवाणखान्यात जमले आणि चित्रण दूरदर्शन संचाच्या मोठ्या पडद्यावर लावण्यात आले.

भिंगरीला चार गुडघे होते. सायकलीची चाके कधी लंबगोल तर कधी चौकोनी होत होती. मागचा रस्ता उतू जाणाऱ्या दुधासारखा फसफसत होता आणि कडेचे विजेचे खांब पोटात कळ आल्यासारखे वाकत होते.

"आजोबा," भिंगरी म्हणाली, "मी सायकलवर आहे की मिक्सरमध्ये?"

हसण्याची एक लाट येऊन गेली. पण सून हसली नाही. तिने फोन उचलून टेबलावर ठेवला आणि कॅमेरा सुरू केला. फोन स्वस्थ पडला होता, टेबल स्वस्थ होते, टेबलाखाली काटकोन तपासलेली फरशी स्वस्थ होती. तरीही पडद्यावरचे छत हुडहुडी भरल्यासारखे थरथरत होते आणि फोनच्या पोटातून कोणीतरी आत कोंडल्यासारखी टिकटिक ऐकू येत होती.

"असू दे, बाबा," सून म्हणाली.

मराठी भाषेत याहून कठोर शब्द असतीलही, पण ते सुनेने सासऱ्याला उद्देशून वापरलेले नाहीत.

फोनची हमी अजून शिल्लक होती. सोमवारी सूतभरकाका कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात गेले, क्रमांकाची चिठ्ठी घेतली आणि दीड तासाने खिडकीसमोर उभे राहिले. पलीकडच्या मुलीने मान वर न करता विचारले, "फोन पडला होता का, सर?"

"नाही."

"पाण्यात भिजला?"

"नाही."

एवढ्यावर काम झाले होते. अर्ज भरून झाला होता आणि मुलीने शिक्काही उचलला होता. शहाण्या माणसाने अशा वेळी छताकडे पाहत उभे राहावे. परंतु सूतभरकाकांना वाटले की 'पडला होता का' हा प्रश्न विचारला जाणे हेच मुळात अज्ञानाचे लक्षण आहे आणि ते दूर करणे आपले कर्तव्य आहे.

"पडणं शक्यच नव्हतं," असे म्हणून त्यांनी पिशवीतून क्लॅम्प काढला आणि खिडकीच्या फळीवर ठेवला. फळी कुरकुरली. पाठोपाठ त्यांनी तिन्ही बाजूंनी काढलेले आराखडेही पसरले.

मुलीने प्रथमच मान वर केली. "हे गाडीला लावलं होतं?"

"लावलं होतं कसलं! गाडीचाच भाग झालं होतं."

शिक्का खाली आला, पण दुसऱ्या चौकटीत. मुलीने लिहिले: ग्राहकाकडून गैरवापर.

आयुष्यात सूतभरकाकांवर खडूसपणाचे, हेकटपणाचे आणि एकदा तर कारखान्याच्या मालकाच्या मेहुण्याचा माल परत पाठवल्याबद्दल राजद्रोहाचेही आरोप झाले होते. पण गैरवापर! त्यांचा आवाज चढला नाही. उलट उतरला, आणि कारखान्यातल्या लोकांना ते अधिक भयंकर वाटत असे.

"बाई, तो शब्द बदला. 'अतिदृढ जोडणीमुळे झालेली हानी' असं लिहा."

"सिस्टिममध्ये तसा पर्याय नाहीये, सर."

"मग पर्याय आहेत तरी कोणते?"

"पडला, भिजला, गैरवापर आणि इतर."

"'इतर' लिहा."

"'इतर'ला साहेबांची सही लागते. साहेब गुरुवारी येतात."

गुरुवारी साहेब आले. त्यांनी क्लॅम्प उचलून पाहिला, "मजबूत आहे हो," अशी मनापासून दाद दिली आणि गैरवापराखाली सही केली. जाताना मात्र त्यांनी फोनसोबत आलेली पुस्तिका उघडून एकतिसाव्या पानावर बोट ठेवले. मुंगीने चालता चालता लिहावे अशा अक्षरांत तिथे छापले होते की मोटारसायकलच्या इंजिनाची सततची कंपने कॅमेऱ्यातील चित्र स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेस हानिकारक ठरू शकतात.

केंद्राबाहेरच्या बाकावर बसून सूतभरकाकांनी ते पान चार वेळा वाचले, आणि तंत्रनिकेतनात शिकलेले सगळे एकेक करून परत येऊन त्यांच्याशेजारी बसले. कॅमेऱ्याचे भिंग पक्के बसवलेले नसतेच. ते बारीक स्प्रिंगांवर मुद्दाम तरंगत ठेवलेले असते; हात थरथरला की ते उलट दिशेला सरकून चित्र सावरते. माणसाच्या हाताची थरथर सावरायला ते समर्थ होते. इंजिन मात्र सेकंदाला पन्नास धक्के देते, आणि क्लॅम्पने त्यातला एकही मधल्या मध्ये खाल्ला नव्हता. वरून आलेले सगळेच्या सगळे खाली पोचवणारा असा प्रामाणिक कारकून कोणत्याही कचेरीत सापडला नसता. बिघाड क्लॅम्पच्या कुठल्या दोषामुळे झाला नव्हता. तो झाला होता क्लॅम्पमध्ये दोष नव्हता म्हणून.

घरी आल्यावर त्यांनी फोनचा बिघडलेला भाग स्वखर्चाने बदलायला दिला आणि काकूंना म्हणाले, "काहीतरी सैल बनवावं लागणार आहे." काकूंनी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिले.

बातमी सोसायटीत पसरली आणि सल्ले येऊ लागले. दुसऱ्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर जिन्यात गाठून म्हणाले, "काका, कवळी हिरडीवर थेट बसवली तर टोचते. मध्ये मऊ थर लागतो," आणि संध्याकाळी डबीभर गुलाबी लगदा घेऊन आले. सेक्रेटरींनी आपल्या जुन्या फ्रिजच्या दाराचे रबर आणून दिले. देताना त्यांचा चेहरा एखाद्या वास्तूला देणगी देणाऱ्यासारखा झाला होता. समोरच्या बिऱ्हाडातल्या भूगोलाच्या बाईंनी सोफ्याच्या गादीतला स्पंज दिला. प्रत्येकाला आपापल्या वस्तूविषयी खात्री होती आणि ती वापरली न गेल्यास वाईट वाटणार होते.

पण तपासायचे कशावर? दुसरा फोन पणाला लावणे शक्य नव्हते. सूतभरकाकांनी कॅरियरवर पाण्याने काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला ठेवायचे ठरवले. इंजिन सुरू करायचे आणि पाण्याकडे पाहायचे; पाणी खोटे बोलत नाही. त्यासाठी मोटारसायकल आवारात उभ्या जागी चालवावी लागणार होती, आणि त्यासाठी सेक्रेटरींकडे अर्ज करावा लागणार होता. अर्ज कार्यकारिणीपुढे गेला. कार्यकारिणीने सर्वानुमते मंजुरी दिली आणि एक अट घातली: इंजिन चालू असावे, परंतु आवाज होऊ नये.

"मग अर्ज फेटाळला असंच लिहा ना," सूतभरकाका म्हणाले.

"छे छे, फेटाळायचा कसा? नातीचा प्रश्न आहे," सेक्रेटरी म्हणाले. "मंजूर आहे. फक्त अट आहे."

अखेर तोड निघाली. सकाळी अकरा ते साडेअकरा या वेळेत आवाजाची तक्रार ग्राह्य धरली जाणार नव्हती, कारण तक्रार करणारे सगळे त्या वेळी प्रयोग पाहायला खाली हजर राहणार होते.

डॉक्टरांचा लगदा पाच मिनिटांत वाळून दगड झाला. "जबड्यात असा होत नाही," असे डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगत राहिले. बाईंचा स्पंज उभ्या गाडीवर उत्तम निघाला. पाणी निवांत होते, टाळ्याही पडल्या. म्हणून गाडी फाटकापर्यंत नेऊन पाहिली, तेव्हा पहिल्याच गतिरोधकावर पेला स्पंजावरून उसळून कुंपणापलीकडे गेला आणि तिथल्या कोणीही तो परत केला नाही. राहिले सेक्रेटरींचे रबर. ते बसवले, नवा पेला ठेवला, इंजिन सुरू झाले. सेक्रेटरी मालकीहक्काने वाकून अगदी जवळून पाहत होते.

"बघा! थेंबसुद्धा हलत नाही!"

सूतभरकाकांनी वेग किंचित वाढवला. आता झोपाळ्याचे असे असते की त्याला स्वतःची एक लय असते आणि त्याच लयीत कोणी हलकेच धक्के देत राहिले तर झोका आभाळाला भिडतो. रबरालाही अशीच एक लय होती आणि इंजिन नेमके तिच्यावर येऊन ठेपले. पेल्यातले पाणी एकदम जागे झाले, उभे राहिले आणि काही एक न सांडता सगळेच्या सगळे सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर गेले.

"हा अनुनाद," सूतभरकाका समजावू लागले. "लय जुळली की..."

"जुळली ती कळली," सेक्रेटरी चष्मा पुसत म्हणाले. "प्रयोगाची परवानगी रद्द."

महिन्याचे सहा दिवस उरले. त्या दुपारी सूतभरकाका सज्जात भिंगरीच्या सायकलीची ब्रेकची तार बदलत बसले होते, कारण हात रिकामे असले की त्यांना जास्त वाईट वाटे. जुनी तार त्यांनी गुंडाळून दोन तळव्यांत दाबली. ती दबली. तळवे सैल केले तशी ती परत आली, पण रबरासारखी उसळून नव्हे. आढेवेढे घेत, कुरकुरत, जणू कोणीतरी मनधरणी करून आणल्यासारखी. त्यांनी पुन्हा दाबली. त्या तारेत बारीक पोलादी पदर एकमेकांना पीळ घालून बसलेले होते. वाकताना ते एकमेकांवर घासत होते आणि धक्क्याचा सगळा जोर त्या घासण्यातच जिरत होता.

"अगं, इकडे ये!" त्यांनी काकूंना हाक मारली. "हे बघ. हलतं, पण नाचत नाही!"

"तुमच्यासारखंच झालं की," काकू म्हणाल्या, आणि गॅसवरचे दूध पाहायला गेल्या.

दोन पट्ट्या आणि त्यांच्या मध्ये ब्रेकच्या तारेची चार वेटोळी, अशी नवी बैठक तयार झाली. प्रयोग आता सोसायटीबाहेरच्या मोकळ्या मैदानाकडेला, कोणाचीही अट नसलेल्या जागी झाला. गतिरोधकावर पेला टिकला. पण पाण्यावर अजून बारीक सुरकुती होती. सूतभरकाकांना कारणही कळले: वर ठेवलेली वस्तू फार हलकी होती. हलकी वस्तू चटकन हाकेला ओ देते. इंजिन सेकंदाला पन्नास हाका मारते. त्यांना दाद द्यायची नसेल तर जड आणि आळशी गृहस्थ हवा, ज्याने कूस बदलायच्या आत पुढची हाक येऊन गेलेली असेल. थोडक्यात, फोनखाली किलोभर वजनाची, सपाट आणि तळहाताएवढी धातूची लादी हवी होती.

अशी लादी घरात एकच होती. ती दिवाणखान्यातल्या कपाटात, काचेमागे, मखमलीवर उभी होती. जाड पितळी फलक. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने दिलेला. त्यावर कोरलेले: 'चौतीस वर्षांच्या निर्दोष सेवेबद्दल.' पाहुण्यांना चहा निवेपर्यंत तो दाखवण्याचा रिवाज होता.

सूतभरकाका कपाटासमोर बराच वेळ उभे राहिले. भिंगरी मागून येऊन उभी राहिली. तिच्या लक्षात आले.

"आजोबा, तो नको. आपण वीट वापरू."

"वीट? तिला काटकोन तरी असतो का?" ते म्हणाले. "आणि हे बघ. ही लादी गेली सहा वर्षं नुसती उभी आहे. मी निवृत्त झालो, तिनं का व्हावं?"

मोजमाप करून त्यांनी चार छिद्रांच्या जागा आखल्या. तीन छिद्रे कोणत्याही अक्षराला न दुखवता पडली. चौथे मात्र काही केल्या 'निर्दोष'मधल्या 'नि'वरच येत होते. सूतभर डावीकडे सरकवावे तर वेटोळे तिरपे बसले असते. सूतभरकाकांनी डोळे मिटले नाहीत, कारण छिद्रयंत्र चालवताना ते कधीही मिटू नयेत. 'नि'चा पितळी भुगा जमिनीवर पडला. उरलेल्या मजकुरानुसार त्यांनी चौतीस वर्षे नेमके काय केले होते ते आता वाचणाऱ्यावर अवलंबून होते.

पाणी आरशासारखे झाले. पेल्यात मैदानाकडेच्या झाडाचे पान न् पान दिसत होते.

आता फोन. आणि इथे असे झाले की ज्या सोसायटीने सल्ले पोत्याने दिले होते तिच्यात फोन कोणाकडेच उरला नाही. दाताचे डॉक्टर जिन्यात समोर आले आणि कानाला लावलेला फोन बोलता बोलता खिशात घालून तसेच बोलत पुढे गेले. भूगोलाच्या बाईंचा फोन चार्जिंगला होता आणि म्हणे महिनाभर राहणार होता. सेक्रेटरी म्हणाले, "माझ्या फोनमध्ये सोसायटीच्या बैठकांचे व्हिडिओ आहेत. ते नष्ट झाले तर?" सोसायटीचे भलेच झाले असते, पण सूतभरकाका ते बोलले नाहीत. सुनेचा फोन दुरुस्त होऊन आला होता; त्याच्याकडे पाहण्याचेही त्यांना धैर्य नव्हते. स्वतःच्या फोनला फक्त बटणे होती.

तीस तारखेच्या सकाळी काकूंनी आपला फोन आणून त्यांच्या हातावर ठेवला. तो लेकीने परदेशातून धाडलेला. रोज संध्याकाळी त्याच्यावर लेकीचा चेहरा दिसे, आणि काकूंनाही लेकीला दिसता येई.

"हा नको," सूतभरकाका म्हणाले. "बिघडला तर..."

"बिघडेल का?"

त्यांनी वेटोळी पुन्हा एकदा दाबून पाहिली. तपासणी विभागाने अंदाज सांगायचा नसतो.

"मी विचारतेय. तुम्ही बनवलंय ना? पास की नापास?"

सूतभरकाकांनी पितळी लादीकडे पाहिले, 'नि'च्या जागी पडलेल्या छिद्राकडे पाहिले. "पास," ते म्हणाले.

"मग झालं तर. पण मी मागे बसणार. माझा फोन जाईल तिथे मी जाणार."

सातला पाच कमी असताना मिरवणूक निघाली: पुढे सूतभरकाका, त्यांच्या पाठीशी काकू, काकूंच्या पाठीशी कॅरियरवर तारेच्या वेटोळ्यांत डुलणारा फोन, आणि त्याच्यावर नजर लावून भिंगरी. रस्ता मोकळा होता. एक खड्डा आला, वेटोळी कुरकुरली आणि सावरली. दहा मिनिटे झाली. पंधरा झाली. सतराव्या मिनिटाला चौकातून शिट्टी ऐकू आली.

वाहतूक पोलिसाने हात आडवा केला होता. त्याच्या बाजूनेही विचार केला पाहिजे. एक वृद्ध जोडपे, मागे पितळी लादीवर हलणारे यंत्र, त्यातून लोंबणाऱ्या तारा, आणि त्यांचा पाठलाग करणारी मुलगी! कोणीही शिट्टी वाजवली असती. पण थांबणे म्हणजे चित्रण तुटणे, आणि चित्रण तुटणे म्हणजे अर्ज बाद.

सूतभरकाकांनी उभ्या आयुष्यात लाल दिवा ओलांडला नव्हता. त्यांचा पाय ब्रेककडे गेला. पाठीत काकूंचा गुद्दा बसला.

"चालवा! अहो साहेब," काकू वळून गरजल्या, "पोरीची परीक्षा चालू आहे! तीन मिनिटांत थांबतो! पळून नाही जात, पेन्शनर आहोत!"

पोलिसाने आपली मोटारसायकल सुरू केली आणि तो भिंगरीच्या मागे लागला. भिंगरीने मागे पाहिले, आणि मग तिने जे पाय मारले ते तिने आजवर कधीही मारले नव्हते. सूतभरकाकांना वेग वाढवावा लागला. इंजिन त्या दुष्ट लयीवरून सरसर वर गेले. वेटोळ्यांनी ती लय एका घोटात गिळली.

एकविसाव्या मिनिटाला मंडळी रस्त्याच्या कडेला थांबली. पोलीस उतरला. "हे काय आहे?"

"कंपनरोधक बैठक," सूतभरकाका म्हणाले. "यात चार वेटोळी आहेत. प्रत्येक वेटोळं..."

"आजोबा, दाखवा ना त्यांना!" भिंगरी धापा टाकत म्हणाली. "मलाही बघायचंय!"

चौघांची डोकी काकूंच्या फोनवर वाकली. भिंगरी दिसली. तिला दोन गुडघे होते. दोनच. घोट्यांजवळची मोज्याची वीणसुद्धा मोजता येत होती. मागे रस्ता सरळ पडलेला, खांब ताठ उभे, आणि अठराव्या मिनिटाला तिच्या खांद्यापलीकडे खुद्द पोलीस अवतरला: मिशीचा केस न् केस वेगळा, छातीवरच्या बिल्ल्याचा आकडा, ४१७, स्वच्छ वाचता येणारा.

"वा!" पोलिसाच्या तोंडून निघून गेले. मग तो आणखी वाकला आणि त्याचा चेहरा बदलला. "माझा हेल्मेटचा पट्टा सुटलेला दिसतोय."

"सुटलेलाच आहे," सूतभरकाका म्हणाले. "साधारण तीन सूत लोंबतोय."

पोलिसाने आसपास पाहिले आणि पट्टा लावला. "हे कुठे पाठवणार आहात?"

"केंद्रात. तिथं गुडघे बघतात, साहेब," काकू म्हणाल्या. "हनुवट्या नाही बघत."

"मग जा सांभाळून," पोलीस म्हणाला. "आणि ते मिशीचं मला पाठवा. तेवढंच तोडून."

चित्रण त्याच दिवशी गेले. पंधरा दिवसांनी केंद्राचा फोन आला. भिंगरीची निवड झाली होती. फोनवरच्या प्रशिक्षकांनी आणखी एक चौकशी केली: चित्रण कोणत्या व्यावसायिक संस्थेकडून करून घेतले, आणि शेवटच्या तीन मिनिटांत मुलगी एवढी वेगाने गेली ती कोणत्या पद्धतीच्या सरावामुळे? सूतभरकाकांनी पहिल्या प्रश्नाचे उत्तर अठरा मिनिटे दिले. दुसऱ्याचे दिले नाही.

त्या संध्याकाळी सगळी सोसायटी दिवाणखान्यात जमली. कोणाच्या कल्पनेतून काय निघाले यावर डॉक्टर आणि सेक्रेटरी यांच्यात थोडी बाचाबाची झाली. रबर नसते तर तार सुचली नसती, असे सेक्रेटरींचे म्हणणे होते, आणि भिजलेला माणूस म्हणून त्यांना ते म्हणू दिले गेले. कपाटातली मखमल रिकामी होती. येणाऱ्या प्रत्येकाला सूतभरकाका खाली नेऊन मोटारसायकलवरची लादी दाखवत होते, छिद्रासकट, आणि त्यांची मान त्या दिवशी काटकोनापेक्षाही किंचित अधिक ताठ होती.

गर्दी पांगल्यावर सून पुढे आली. तिने आपला फोन त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला.

"बाबा, पुढच्या रविवारी तिच्या निरोपाच्या फेरीचं चित्रण माझ्या फोनवर करा. आईंचा तेवढा चांगला नाहीये."

सूतभरकाकांनी तो फोन टेबलाच्या कडेशी समांतर करून ठेवला. चष्मा काढला, पुसला आणि घातला. तेवढ्यात काकूंच्या फोनवर परदेशातून लेकीचा कॉल आला. पडद्यावर लेक स्वच्छ दिसली आणि तिकडून तिचा आवाज आला, "आई, आज किती छान दिसतेस गं, अगदी स्पष्ट!"

"ऐकलंत?" काकूंनी त्यांच्याकडे वळून म्हटले. "आता लिहा की तुमचा तो अहवाल."

सूतभरकाकांनी पेन काढले.

तपासलेले नग: एक. नापास: शून्य.